जुनी बोट घ्यावी का? एकदा भर पावसात जाऊन बघा

माझी पहिली बोट मी रंग बघून घेतली. बावीस फुटी, लाकडी, निळ्या अंगावर पांढरी रेघ आणि आत टांगलेला एक पितळी कंदील. कंदील अजून माझ्याकडे आहे. बोट तिसऱ्या वर्षी करवतीने कापून ट्रकवर चढवली, आणि तो ट्रकही मलाच भाड्याने आणावा लागला.

त्यानंतर सात जुन्या बोटी बघितल्या. सहा सोडल्या, एक घेतली. बघताना मी काय करते आणि कोणत्या क्रमाने करते, ते इथे लिहिते आहे. मी बोटी बांधणारी नाही. सुट्टीच्या दिवशी हात काळे करणारी आहे, आणि हे लिखाण तशाच माणसांसाठी आहे.

"ही दुरुस्त होईल का?" हे विचारून काही उपयोग नाही, कारण उत्तर नेहमी "होईल" असंच येतं. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहून ठेवलंय की अथेन्सच्या लोकांनी थिसिअस या त्यांच्या पुराणकथेतल्या वीराचं जहाज पिढ्यान्‌पिढ्या जपलं: कुजलेली फळी काढायची, तिथे नवी घालायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच राहिलं का, यावर तत्त्वज्ञांचा वाद अजून चालू आहे. फळ्यांचे पैसे कोणी भरले, यावर मात्र कोणी बोलत नाही. आपण विचारायचं ते एवढंच: माझी जागा, माझे मोकळे दिवस आणि माझे पैसे, यातलं काहीही संपायच्या आत ही पाण्यात जाईल का?

म्हणून बोट बघायला निघण्याआधी ती ठेवणार कुठे ते ठरवा. माझी पहिली बोट घरापासून दीड तासावर उभी होती. जाऊन-येऊन तीन तास रस्त्यात जायचे, आणि घरी विसरलेल्या पान्यापायी उरलेला दिवस वाया जायचा. वर छप्पर नव्हतं. ताडपत्री दर वादळात फाटायची आणि मी केलेलं काम भिजायचं. दुसरी बोट घराच्या कुंपणाला लागून ठेवली, तर संध्याकाळची पाऊण तासाची कामंसुद्धा होऊ लागली. चांगली बोट आणि लांबची जागा यापेक्षा मला मध्यम बोट आणि अंगणातली जागा केव्हाही चालेल.

पहिली फेरी: हात खिशात

पहिल्या भेटीत मी हत्यारं नेत नाही. फोनवर मालकाला एकच विनंती करते, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. एका ठिकाणी पोहोचताच सहज इंजिनावर हात ठेवला, तर ते कोमट. मालक म्हणाले, "आज ऊन फार आहे हो ताई." इंजिन झाकणाखाली होतं. थंड इंजिन कसं सुरू होतं यावर अर्धी परीक्षा असते आणि तेवढीच त्यांनी माझ्या मागे उरकून टाकली होती.

आधी बोटीपासून लांब जाऊन उभं राहायचं. पंचवीस-तीस पावलं मागे, मग बरोबर मागून, मग बरोबर समोरून. काठाची वरची रेघ नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत एका ओघात, मध्ये किंचित खाली झोल घेत जायला हवी. मध्येच पाठ वर काढल्यासारखी दिसली, दोन्ही टोकं खाली झुकलेली असली, तर बोटीचा कणाच वाकलाय. कारण सरळ आहे. बोटीच्या रुंद पोटाला पाणी भरपूर उचलून धरतं, निमुळत्या टोकांना कमी. वर्षानुवर्षं टोकं आपल्या वजनाने खाली येत राहतात. जमिनीवर चुकीच्या जागी टेकू देऊन ठेवलेल्या बोटीचंही हेच होतं. थोडी पाठ निघालेल्या बोटी पुढे कित्येक वर्षं चालतात, पण ती पाठ सरळ करायला निघालात तर अख्खी बोट उकलावी लागते. हे काम माझ्यासारखीचं नाही. रेघ बघते आणि तिथल्या तिथे निघते.

मग आत जायचं, आणि दार उघडल्याबरोबर पहिला श्वास नाकाने घ्यायचा. दहा मिनिटांनी नाक सरावतं आणि काही सांगेनासं होतं. डिझेलचा वास चालतो. ओल्या मातीसारखा, अळंब्यांचा वास आला की कुठेतरी बुरशी जेवते आहे.

पहिल्या भेटीत एवढंच. पैशाचं बोलायचं नाही. मालकाचं मात्र ऐकायचं. पहिल्या बोटीच्या मालक आजोबांनी बोटीवर हात फिरवत विचारलं होतं, "ताई, तुम्ही हिला नीट करणार ना?" मी "हो" म्हणून बसले. आता मी "बघते" म्हणते. शब्द लहान आहे, पण तो म्हणायला मला एक बोट खर्ची घालावी लागली.

दुसरी फेरी: दाभण, हातोडी आणि गुडघ्याखाली उशी

लाकडी बोटीसाठी लहान हातोडी, दाभण किंवा आरी, चांगली बॅटरी, काठीला बांधलेला छोटा आरसा, लोहचुंबक आणि खडू. दाभण टोचायची परवानगी आधी मागा. कोणी रंगवलेल्या अंगावर टोचू नका म्हटलं, तर ते रास्त आहे, आतून बिनरंगी बाजूने टोचता येतं. आतूनही नको म्हणाले, तर आभार मानून घरी जा.

कुजण्याबद्दल एक गोष्ट नीट कळली की कुठे बघायचं ते आपोआप कळतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी लाकडाचं जास्त नुकसान करतं. बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांच्या वर ओल लागते, आणि हवाही लागते. पाण्याखाली कायम बुडालेली फळी बहुधा ठीक असते. वरून गळणारं, कोपऱ्यात साचणारं आणि कधीच न वाळणारं पाणी बोट खातं. म्हणून सगळे जण जिथे बघतात तो तळ मी शेवटी बघते. आधी डेकखालच्या आडव्या तुळयांची टोकं, मागच्या सपाट फळीचे दोन्ही खालचे कोपरे, डोलकाठी जिथे टेकते तो ठोकळा, नांगराची साखळी ठेवायचा कप्पा, आणि कठड्याच्या खांबांखालचं लाकूड. थोडक्यात, जिथे स्क्रू वरून खाली गेलाय आणि हवा पोचत नाही अशी प्रत्येक जागा.

हातोडीने हलकं वाजवत जायचं. चांगलं लाकूड ठण्ण वाजतं आणि हातोडी हातात उडी मारते. कुजलेलं बद्द वाजतं आणि हातोडी तिथेच बसते. बद्द वाजलं की खडूची खूण. सगळं वाजवून झाल्यावर एक पाऊल मागे येऊन खुणांकडे एकत्र बघा. सुट्या सुट्या पाच खुणा म्हणजे पाच कामं. एका रेषेत पाच खुणा असतील, तर वर कुठेतरी एकच गळती आहे आणि तिने वाटेतलं सगळं नासवलंय.

माझ्या पहिल्या बोटीत डेकखाली अशी एक तुळई होती. वरून गुळगुळीत, ताजा पांढरा रंग. घेतल्यावर दोन महिन्यांनी तिथे एक हूक बसवावा म्हणून आरी टेकवली, तर दाबावंही लागलं नाही. आरी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला तपकिरी भुगा लागला होता, चौकोनी चौकोनी तुकड्यांचा, कोळशासारखा हलका. रंगाचा पापुद्रा तेवढा तुळईच्या आकाराचा उभा होता. तेव्हापासून बाकी बोट जुनाट आणि एकच कोपरा नव्या रंगाचा दिसला की मी तिथूनच सुरुवात करते.

लाकूड धड असेल तर ते कशाने धरलंय ते बघा. इथे चुंबक लागतं. तांब्याच्या किंवा ब्राँझच्या खिळ्यांच्या बोटीत मधल्या दुरुस्तीत कोणी लोखंडी खिळे ठोकले असतील, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जोडी जमते आणि लोखंड झपाट्याने झिजतं. ब्रिटिश नौदलाने 1761 साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला किड्यांपासून वाचवायला तांब्याचा पत्रा मारला. पुढे तपासलं तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुरतडल्यासारखे झाले होते, आणि जिथे पत्र्याबरोबर आलेला तपकिरी कागद मध्ये चुकून राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. तुमच्या बोटीत असा कागद कोणी ठेवलेला नसणार. फळीवर खिळ्यांच्या डोक्याभोवती काळे डाग आणि मऊ पडलेलं लाकूड दिसलं, तर एक-दोन खिळे उपटून बघायचे. कीलचे, म्हणजे तळाच्या कण्याचे, बोल्ट असतील तर निदान एक तरी काढून दाखवायला सांगा. दोन्ही टोकांना जाडजूड असलेला बोल्ट मधोमध, लाकूड आणि लोखंडाच्या सांध्यात, पेन्सिलीएवढा उरलेला असू शकतो. मालकाला हे काम आवडत नाही. साहजिक आहे.

टेरेडोचं थोडक्यात सांगते. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या कुळातला. पिल्लू असताना टाचणीच्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत लाकूड पोखरतो, बाहेरून जवळपास काही दिसत नाही. 1628 मध्ये स्टॉकहोमला बुडालेलं ‘वासा’ जहाज 1961 मध्ये जवळजवळ अखंड वर आलं, याचं मोठं कारण हेच की बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात हा प्राणी जगत नाही. गरम खाऱ्या पाण्यात राहिलेल्या बोटीच्या तळाला टाचणीएवढी भोकं दिसली, तर एक-दोन मोजत बसू नका. ती फळी गेलीच समजा, आणि शेजारची संशयित.

फळ्यांमधल्या फटी मात्र बघून घाबरू नका. वर्षभर कोरड्यात उभी असलेली बोट वाळते, सांधे उघडतात, पलीकडचा उजेडही दिसतो. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं आणि बऱ्याच फटी बुजतात. कोणी त्या फटीत सिमेंटसारखं कडक काही कोंबलं असेल तर चिंता करा. फुगायला जागा नसते, मग फळी स्वतःच्याच कडा चिरडते किंवा बरगडी, म्हणजे आतली आधाराची वाकवलेली पट्टी, तोडते.

लाकडी बोटीला वरून फायबरग्लास चढवलेला असेल, तर मी पुढे बघतच नाही. कोणी म्हणेल ही आडमुठी आहे, असू दे. बोट चांगली असताना नीट चढवलेला थर टिकतो, हे मलाही माहीत आहे. पण बहुतेक वेळा तो गळती थांबेना म्हणून शेवटचा उपाय म्हणून चढवतात. आत लाकूड ओलं, बाहेरून थर बंद, आणि आत काय चाललंय ते दाभणीला कळत नाही की हातोडीला.

लाकूड नसेल तर

फायबरग्लासच्या बोटीत लोक तळावरचे फोड बघून दचकतात. फोड फोडला तर आतून दाबाने आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी उडतं, चष्मा घाला. फोड थोडे असतील तर ते कंटाळवाणं काम आहे, संकट नाही. खरी भीती डेकची. बऱ्याच बोटींचं डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. कुठल्या तरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं आणि मधलं लाकूड लगदा होऊन बसतं. अनवाणी चाला. पायाखाली गादीसारखं दबलं तर समजा. नाण्याने वाजवत गेलात तरी तोच ठण्ण आणि बद्दचा हिशेब. बाहेर लावायचं इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगतात, तिच्याही पोटात बहुधा लाकूडच असतं. इंजिनाचं डोकं धरून हलवा आणि भिंत हलते का ते बघा.

पोलादी बोट आतून गंजते. बाहेरून सगळे रंगवतात, आतल्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्याकडे कोणी वाकून बघत नाही. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्राने जागोजागी मोजून घेतल्याशिवाय पोलादी बोट घेऊ नये, डोळ्याने ती कळत नाही. ठिगळावर ठिगळ वेल्ड केलेलं दिसलं की मी चहाचंही नाव काढत नाही.

इंजिन बंद असेल तर त्याची किंमत शून्य धरा. "फक्त पंपाचं काम आहे" असं मालक म्हणतील. असेलही, पण मग ते काम त्यांनी का नाही केलं? चालू असेल तर थंड असताना डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, काढा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. सुरू झाल्यावर निळा धूर राहिला तर इंजिन तेल जाळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, आणि तो इंजिनाच्या दोषाने असेल तसाच पाण्याखालच्या घाण झालेल्या पंख्यानेही. पाण्याखालच्या नळांच्या तोट्या एकेक फिरवून बघा. पितळी तोटी कुठे गुलाबी दिसली तर तिच्यातलं जस्त निघून गेलंय. ती हाताने मोडेल, आणि ती मोडली की बोट बुडते. शिडं, दोर, गाद्या, दिवे यांच्यावर वेळ घालवू नका. ते बाजारात मिळतं.

तिसरी फेरी: पावसात

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, योगायोगाने कळलं. चौथी बोट बघायला निघाले आणि वाटेत पाऊस धरला. मालक दिलदार होते, आत घेऊन बसले, "वरून एक थेंब येत नाही" म्हणाले. बोलता बोलता त्यांनी आपली पिशवी उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, खाली न बघताच. पाच मिनिटांनी पिशवी होती तिथे पहिला थेंब पडला. ते खोटं बोलत नव्हते. त्या गळतीची त्यांच्या हाताला इतकी सवय झाली होती की डोक्याला ती आठवतच नव्हती.

तेव्हापासून निर्णयाआधीची भेट मी पावसातच घेते. पाऊस नसेल तर पाण्याचा पाइप मागते आणि डेकवर पंधरा मिनिटं हळू धार सोडते, खालच्या बाजूने सुरुवात करून वर वर जात. उलटं केलं तर सगळीकडून एकदम गळतं आणि कुठून आलं ते कळत नाही.

घरी बसून करायचा हिशेब

प्रत्येक दोष एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. मग तीन ढीग करा: ज्याने बोट बुडेल, ज्याने बोट अडकून पडेल, आणि जे फक्त वाईट दिसतं. तिसरा ढीग सगळ्यात मोठा असतो आणि नवखा माणूस त्यालाच घाबरतो. मी पहिला ढीग तेवढा मोजते, आणि त्यातल्या चिठ्ठ्यांमध्ये "कील", "नाळ" किंवा "बरगड्या" हे शब्द दोनदा आले की विषय बंद.

वेळ अंदाजाने धरू नका, मोजा. पहिल्या बोटीचा जुना रंग खरवडायला चार शनिवार लागतील असं मी धरलं होतं. एक चौरस फूट प्रत्यक्ष खरवडला तेव्हा चाळीस मिनिटं गेली. बोटीचं अंग सव्वादोनशे चौरस फूट, म्हणजे दीडशे तास. दिवसाला सहा तास हात चालले तरी पंचवीस शनिवार, तेही फक्त खरवडण्याचे. हा गुणाकार घेण्याआधी केला असता तर अर्ध्या पानात आवरला असता. आणि तो रंग खरवडताना मास्क हवाच, शक्यतो ओलं करून घासा. जुन्या रंगात बऱ्याचदा शिसं असतं, तळाच्या जुन्या रंगात कथिलाची विषारी संयुगंही असू शकतात. त्यांच्यावर 2008 पासून आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे. एक्झॉस्टच्या पाइपावर पांढरी दोरी गुंडाळलेली असेल तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची नाही याची खात्री होईपर्यंत हात लावू नका.

इतकं करून बोट अजून आवडत असेल तर सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून अहवाल देणारा जाणकार, बोलवा. आपला, आपण पैसे दिलेला. मालकाने आणून ठेवलेला अहवाल वाचा आणि परत करा. आधी तुम्ही बघायचं ते यासाठी की नको असलेल्या बोटीवर ती फी खर्च होऊ नये. जुन्या बोटीचा विमा उतरवायला तसाही बऱ्याचदा हा अहवाल मागतात. कागदपत्रांत नाव, नोंदणी आणि बोटीवर कोरलेला क्रमांक जुळतो का ते बघा. जागेचं थकलेलं भाडं किंवा कर्ज आहे का, हे लेखी घ्या. बोटीवरचा बोजा अनेक ठिकाणी मालकाला न चिकटता बोटीला चिकटतो आणि तिच्याबरोबर तुमच्या दारात येतो.

किंमत ठरवताना चिठ्ठ्यांची यादी मालकांच्या हातात द्यावी आणि गप्प बसावं. त्यांच्याच बोटीत बसून तिची नालस्ती करू नये. माझा आकडा असा निघतो: तशीच बोट चालू स्थितीत जेवढ्याला मिळते, त्यातून पहिल्या दोन ढिगांचा खर्च दुप्पट करून वजा. उत्तर बऱ्याचदा शून्याखाली येतं. तेव्हा फुकट मिळाली तरी ती महाग असते, आणि हे मालकांनाही कुठेतरी माहीत असतं. माझ्या पहिल्या बोटीचा एकूण खर्च, कापायच्या दिवसापर्यंतचा, अंदाजाच्या अडीचपट झाला होता.

घेतलीच, तर पहिल्या दिवशी करवत काढू नका. सगळ्या गाद्या बाहेर, तळातल्या फळ्या उचलून उभ्या, कप्प्यांची दारं उघडी, आणि वर दोन्ही टोकांना हवा खेळेल अशी उंच ताडपत्री. मी आताच्या बोटीला महिनाभर एवढंच केलं. शेजारीण रोज कुंपणावरून विचारायची, "काय, काम कधी सुरू?" मी आत वाकून तळातली एक फळी बोटांनी चाचपत असायचे. सव्विसाव्या दिवशी ती हाताला पहिल्यांदा कोरडी लागली.